भिंतीआडचा पंचनामा

राजांच्या दरीतली तुतनखामेनची कबर हॉवर्ड कार्टरने १९२२ साली शोधून काढली. तिच्यातून आता आणखी काही निघेल अशी अपेक्षा नंतर कुणी फारशी ठेवली नव्हती. २०१५ मध्ये निकोलस रीव्हज या ब्रिटिश इजिप्ततज्ज्ञांनी ती अपेक्षा पुन्हा जागवली. कबरीच्या भिंतींचे अतिशय बारकाईने केलेले स्कॅन न्याहाळताना त्यांना उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या चित्रांखाली सरळ रेषा जाणवल्या. या रेषा बुजवलेल्या दारांच्या असाव्यात आणि त्यांतल्या एका दारापलीकडे राणी नेफरतितीचं दफन असावं, असा त्यांचा तर्क होता. भिंतीला साधं भोक पाडून खात्री करून घेण्याची सोय नव्हती, कारण त्या भिंतीवर सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची चित्रं आहेत. म्हणून नोव्हेंबर २०१५ मध्ये हिरोकात्सु वातानाबे या जपानी तंत्रज्ञांनी भिंतीवरून रडार फिरवलं. पलीकडे पोकळी आहे असं त्यांचं मत पडलं. इजिप्तचे तेव्हाचे पुरातत्त्वमंत्री ममदूह अल्-दमाती यांनी तर नव्वद टक्के खात्री जाहीर केली. मार्च २०१६ मधल्या पत्रकार परिषदेत याच नोंदींच्या आधारे भिंतीमागे धातू आणि सेंद्रिय पदार्थ असल्याचंही सांगण्यात आलं. ही बातमी जगभर गेली. त्याच महिन्याच्या अखेरीस नॅशनल जिओग्राफिकच्या चमूने त्याच भिंतींवर पुन्हा रडार फिरवलं, तेव्हा त्यांना पोकळीचा पुरावा मिळाला नाही. वाद मिटवण्यासाठी इटलीतल्या तुरीन तंत्रविद्यापीठाचे फ्रांचेस्को पोर्चेल्ली यांच्या नेतृत्वाखाली २०१८ च्या सुरुवातीला तिसरी तपासणी झाली. या वेळी एकाहून अधिक रडार आणि अनेक वारंवारता वापरल्या गेल्या. मे २०१८ मध्ये निकाल जाहीर झाला: दार नाही, चौकट नाही, खोली नाही.

एकाच भिंतीवर रडार तीनदा फिरलं आणि दोन परस्परविरुद्ध उत्तरं मिळाली. यंत्र बिघडलेलं होतं किंवा कुणी खोटं बोललं, असं म्हणायला काहीच आधार नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो एक वेगळाच तपशील. वातानाबे यांनी आपल्या यंत्रात इतके फेरफार केले होते की त्याच्या नोंदी इतर तज्ज्ञांना नीट वाचता येत नव्हत्या, अशी तक्रार तेव्हा झाली होती. तुरीनच्या चमूने उलट वाट धरली. वेगवेगळ्या रडारांच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहिल्या आणि त्यांचं विश्लेषणही एकाच गटावर सोपवलं नाही. भिंतीआड पाहणाऱ्या रडारबद्दल या लेखात जे म्हणायचं आहे ते सगळं या फरकात आहे. रडार मोजमाप करतं. त्या मोजमापातून भिंतीपलीकडचं चित्र उभं करतो तो माणूस, किंवा माणसाने लिहून ठेवलेला हिशेब. त्या हिशेबात काय काय गृहीत धरलं आहे हे दुसऱ्या कुणाला तपासता येत नसेल, तर पडद्यावरचा ठिपका हा पुरावा ठरत नाही. मग शोधायची असो इजिप्तची राणी, ढिगाऱ्याखालचं मूल किंवा बंद खोलीतला बंदूकधारी.

रेडिओलहरी भिंतीतून जातात यात नवल काहीच नाही. आपला मोबाइल घरात चालतो तो त्याचमुळे. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये मिलिमीटर पट्ट्यातल्या लहरी मधल्या भिंतींतून पलीकडे पाठवल्या, घंटा वाजवली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट घडवून दाखवला. प्रेक्षकांत बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. म्हणजे लहर पलीकडे पोचवणं हे सव्वाशे वर्षांपूर्वीच जमलं होतं. अवघड आहे ते परत येणाऱ्या प्रतिध्वनीतून काही उकलून काढणं. रडार लहर सोडतं, ती कशावर तरी आदळून परतते, आणि जायला-यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढलं जातं. मोकळ्या आकाशात विमान शोधताना मध्ये काही नसतं. इथे मात्र पहिला आणि सर्वांत जोराचा प्रतिध्वनी भिंतीचाच येतो. रात्री खिडकीच्या काचेवर आतून टॉर्च मारली की बाहेरचं दिसण्याऐवजी टॉर्चचाच झोत डोळ्यांत येतो, तशातला हा प्रकार. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत ग्रेगरी चार्वट आणि जॉन पीबडी यांनी २०११ मध्ये आठ इंच जाडीच्या काँक्रीटपलीकडची हालचाल दाखवणारं रडार तयार केलं. तेव्हा दिलेले आकडे बोलके आहेत. सोडलेल्या लहरीपैकी सुमारे ९९ टक्के भाग भिंतीपलीकडे जातच नाही. जो जातो तो माणसावर आपटून परतताना पुन्हा त्याच भिंतीला अडतो, त्यातलेही ९९ टक्के गळतात. परत पोचतो तो मूळ शक्तीच्या जेमतेम ०.००२५ टक्के. एवढ्याशा उरलेल्या कुजबुजीतून माणूस ओळखायचा असतो.

हा भिंतीचा गोंगाट काढून टाकण्याच्या ज्या युक्त्या आहेत, त्यांतच रडारच्या मर्यादाही दडलेल्या आहेत. लिंकन प्रयोगशाळेच्या यंत्राने भिंतीकडून येणारा प्रतिध्वनी गाळण्यासाठी स्फटिकाचं फिल्टर वापरलं आणि एका चित्रातून आधीचं चित्र वजा केलं. एमआयटीतल्याच दुसऱ्या गटाने, दीना कताबी आणि फदेल अदीब यांनी, २०१३ मध्ये वायफायच्या लहरींवर चालणारं यंत्र मांडलं. त्यात दोन अँटेना अशा जुळवून लहरी सोडतात की स्थिर वस्तूंकडून परतणारे प्रतिध्वनी एकमेकांना मारून टाकतात. दोन्ही वाटांनी उरतं ते फक्त हलणारं. भिंत नाहीशी होते आणि तिच्याबरोबर कपाट, पलंग, टेबल हेही नाहीसं होतं. श्वास रोखून बसलेला माणूसही त्याच वाटेने जाऊ शकतो. अगदी निश्चल माणसाचाही छातीचा भाता चालू असतो, हे खरं. दहा सेंटिमीटर लांबीच्या लहरीला पाच मिलिमीटरची हालचाल पकडता येते, कारण जाण्यायेण्याच्या वाटेत एक सेंटिमीटरचा, म्हणजे लहरीच्या दहाव्या हिश्श्याचा फरक पडतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संशोधन संस्थेत या तत्त्वावर हृदयाचे ठोके दुरून टिपणारं रडार घडवलं गेलं. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या निमित्ताने ते तिरंदाज आणि नेमबाजांसाठी पुढे आणण्यात आलं, आणि त्यातूनच पुढे पोलिसांसाठीची ‘रडार फ्लॅशलाइट’ निघाली. पण श्वास ओळखायचा तर काही सेकंद एका जागी थांबून ऐकावं लागतं आणि यंत्र धरणारा हातही हलता कामा नये. पडद्यावर काही दिसलं नाही, याचा अर्थ खोली रिकामी आहे असा होत नाही. हे वाक्य प्रत्येक यंत्राच्या पेटीवर ठळक छापायला हवं.

आता चित्राच्या बारकाव्याबद्दल. पुढेमागे उभ्या असलेल्या दोन वस्तू वेगळ्या ओळखायच्या तर रडारला वारंवारतेचा रुंद पट्टा लागतो. कताबी-अदीब यांच्या नंतरच्या यंत्राने १.६९ गिगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा वापरला. त्यातून अंतराची जी सूक्ष्मता मिळते ती सुमारे ९ सेंटिमीटर. डाव्या-उजव्या दिशेची सूक्ष्मता अँटेनाच्या रांगेच्या लांबीवर ठरते. लिंकन प्रयोगशाळेची रांग साडेआठ फूट लांब होती, आणि सहा मीटरवर तिच्याकडून पाव मीटरच्या आतलं काही वेगळं काढता येणं कठीण. म्हणून त्यांच्या पडद्यावर माणसांच्या जागी रंगीत डाग दिसत. जास्त वारंवारता घेतली तर सूक्ष्मता वाढते, पण लहर भिंतीतच विरते. कमी घेतली तर लहर पलीकडे जाते, पण चित्र भरड होतं. हा सौदा निसर्गाने ठरवलेला आहे, कुठल्याही कंपनीला तो टाळता येत नाही. त्यात भिंतीच्या स्वभावाची भर पडते. कोरड्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये लहर हवेतल्यापेक्षा दुपटी-अडीचपटीने हळू चालते. भिंतीची जाडी आणि जात चुकीची गृहीत धरली की पलीकडचा माणूस पडद्यावर भलत्याच जागी दिसतो. लहर किती मंदावते हे ज्यावर ठरतं तो पाण्याचा परावैद्युतांक कोरड्या विटेच्या दहापट किंवा अधिक. त्यामुळे मे महिन्यात जी भिंत रडारला पार होते, तीच जुलैत ओल धरल्यावर कितपत पार होईल हे वेगळं तपासावं लागतं. सळयांची जाळी दाट असेल तर लहर अडते आणि पत्र्यापुढे तर तिचं काहीच चालत नाही. लहर बाजूच्या भिंतीवरून वळसा घेऊन आली की एका माणसाचे दोन दिसतात; तंत्रज्ञ त्या दुसऱ्याला भूत म्हणतात. आपल्याकडच्या घरात छताचा पंखा फिरत असतो, आणि रडारच्या दृष्टीने तीही हालचालच. प्रयोगशाळेतली भिंत आणि भिवंडीतली भिंत यांत असा फरक असतो.

यावर आजकाल एक हमखास उत्तर येतं: कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळं सोडवील. या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून तो बाजूला सारून चालणार नाही. २०१८ मध्ये कताबी यांच्याच गटाने असं तंत्र दाखवलं की त्यात भिंतीपलीकडच्या माणसाचा काटक्यांचा सांगाडा पडद्यावर चालताना, बसताना, हात हलवताना दिसतो. ते शिकवलं गेलं कॅमेरा आणि रेडिओलहरी एकाच वेळी एकाच दृश्यावर रोखून. कॅमेऱ्यात दिसणारा हात रेडिओच्या नोंदीत कसा उमटतो हे यंत्राने हजारो उदाहरणांतून उचललं आणि मग कॅमेरा काढून घेतला. कामगिरी खरोखर थक्क करणारी आहे. घरात एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा श्वास, चाल, पडणं यांवर अंगाला काही न चिकटवता लक्ष ठेवण्यासाठी असं तंत्र वरदान ठरू शकतं. तिथे माणसाची संमती असते आणि डॉक्टर पडताळा घेऊ शकतो. परंतु युक्तिवाद म्हणून पाहिलं तर हे उत्तर माझ्याच मुद्द्याला बळ देतं. ज्या यंत्राला माणसांचेच सांगाडे शिकवले आहेत ते पुढ्यात अर्धवट, गोंगाटी नोंद आली तरी माणसाचा सांगाडाच काढण्याकडे झुकणार. डाग पाहणाऱ्या पोलिसाला निदान एवढं तरी कळतं की हा डाग आहे. सुबक सांगाडा पाहणाऱ्याच्या मनात शंका येण्याचं कारणच उरत नाही. चित्र जितकं पटणारं, तितका त्यात शिरलेल्या अनुमानाचा वाटा दिसेनासा होतो. लहरीच्या नोंदीत जी माहिती आलीच नाही, ती कुठल्याही संगणकाला परत आणता येत नाही. फार तर ती काय असावी याचा चांगला अंदाज बांधता येतो.

अंदाज तपासून घेण्याची सोय असेल तर तो किती मोलाचा ठरतो, हे नेपाळमध्ये दिसलं. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत विकसित झालेलं ‘फाइंडर’ नावाचं सुटकेसएवढं यंत्र तिथे नेण्यात आलं. ते ढिगाऱ्यात कमी शक्तीच्या सूक्ष्मलहरी सोडतं आणि परतणाऱ्या नोंदीतून श्वासाची व हृदयाच्या ठोक्यांची लय वेचून काढतं. काठमांडूच्या ईशान्येला चौतारा गावात दोन कोसळलेल्या इमारतींखाली या यंत्राने प्रत्येकी दोन हृदयांचे ठोके टिपले. माणसं विटा-मातीच्या दहा फुटांपर्यंतच्या थराखाली होती. चौघेही जिवंत बाहेर आले. इथे पडताळणीचं साधन हातातच होतं: फावडं. यंत्राने ‘इथे’ म्हटलं आणि तिथे खणल्यावर खरंखोटं काही तासांत कळलं. शिवाय असं यंत्र एकटं कधीच काम करत नाही. आपल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाकडे, ज्याची पाचवी तुकडी पुण्याजवळ आहे, ढिगाऱ्यातली हालचाल आणि आवाज टिपणारी उपकरणं असतात, फटीतून आत सोडायचे कॅमेरे असतात, वासावर माग काढणारी कुत्री असतात. ऑगस्ट २०२० मध्ये महाडला पाच मजली इमारत कोसळली, तेव्हा चार वर्षांचा मुलगा सुमारे एकोणीस तासांनंतर जिवंत सापडला. अशा ठिकाणी ‘इथे कुणी नाही’ हा यंत्राचा निर्वाळा सर्वांत घातक ठरू शकतो. ठोका मिळाला तर खणायचं, हे बरोबर. ठोका मिळाला नाही म्हणून जेसीबी घालायचा, हे चूक.

नकाराचा निर्वाळा कसा फसतो याचं उदाहरण उत्तरकाशीत सगळ्या देशाने पाहिलं, फक्त त्याकडे त्या नजरेने पाहिलं गेलं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सिल्क्याराच्या बोगद्यात ४१ कामगार अडकले. मलब्यातून पोलादी पाईप ढकलत नेताना ऑगर यंत्र वारंवार लोखंडाला अडत होतं. पुढे काय आहे हे पाहण्यासाठी जमीनभेदी रडार वापरलं गेलं आणि पुढच्या सुमारे पाच मीटरपर्यंत धातूचा अडथळा नाही असं २४ नोव्हेंबरला अधिकाऱ्यांनी सांगितलं. देशाने सुस्कारा टाकला. त्यानंतर थोड्याच वेळात ऑगर पुन्हा लोखंडात अडकलं आणि शेवटी मोडून पडलं. उरलेलं काही मीटरचं अंतर हाताने खणणाऱ्या कामगारांनी, ज्यांना रॅट-होल मायनर म्हणतात, पार केलं आणि २८ तारखेला सगळे ४१ जण बाहेर आले. सभोवती पोलादी पाईप, पुढे दगड-माती-सळया-गर्डर यांचा कालवा. रडारसाठी याहून प्रतिकूल जागा शोधून सापडायची नाही. रडार चालवणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. गफलत झाली ती ‘आम्हाला काही आढळलं नाही’ या वाक्याचं ‘तिथे काही नाही’ असं वाक्य होण्यात, आणि तेही कॅमेऱ्यांपुढे.

याच्या उलट, काम कसं करावं याचा नमुना पुन्हा इजिप्तनेच दिला. गिझाच्या महापिरॅमिडच्या उत्तर बाजूला, प्रवेशद्वारावरच्या उलट्या व्ही-आकाराच्या दगडांमागे काहीतरी पोकळ असावं, असं म्यूऑन कणांच्या मोजणीतून संशोधकांना आधी वाटलं. अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात तयार होणारे हे कण दगडातून आरपार जातात, पण दगड जितका जाड तितके कमी पोचतात. एवढ्यावर कुणी राणीची खोली जाहीर केली नाही. मग रडार फिरवलं गेलं आणि त्यानंतर अल्ट्रासाउंडची तपासणी झाली. तिन्ही पद्धतींचं भौतिकशास्त्र वेगळं, त्यामुळे एकीची चूक दुसरीत तशीच उतरण्याचा संभव कमी. तिन्हींनी एकाच जागेकडे बोट दाखवल्यावर दगडांच्या सांध्यातून एक बारीक एंडोस्कोप आत सोडण्यात आला, आणि २ मार्च २०२३ रोजी सुमारे नऊ मीटर लांबीच्या रिकाम्या मार्गिकेची घोषणा झाली. त्यात सोनं नव्हतं, ममी नव्हती. म्हणून ती बातमी नेफरतितीच्या बातमीइतकी गाजली नाही. पण ती खरी होती.

पुरातत्त्वात चुकीच्या ठिपक्याने फार तर प्रतिष्ठा जाते. पोलिसी कामात त्याच ठिपक्यावरून कुणाचं तरी दार फोडलं जातं. अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयात वेळेवर आला, आणि तोही एका वेगळ्याच यंत्रामुळे. १९९२ मध्ये ओरेगॉन राज्यातल्या फ्लॉरेन्स गावात तपास अधिकाऱ्यांनी रस्त्यावर उभ्या गाडीतून एका घरावर उष्णता टिपणारा कॅमेरा रोखला. घराच्या छताचा आणि भिंतीचा काही भाग शेजारच्या घरांहून गरम दिसला, त्यावरून आत गांजा वाढवण्याचे दिवे असल्याचा निष्कर्ष निघाला आणि तो बरोबर होता. तरीही २००१ मध्ये ‘कायलो विरुद्ध अमेरिका’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की सर्वसामान्यांच्या वापरात नसलेल्या साधनाने घराच्या आतलं काही जाणून घेणं म्हणजे झडतीच, आणि तिला वॉरंट हवं. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती स्कालिया यांचा. हे गृहस्थ गुन्हेगारांचे कैवारी म्हणून कुणालाच आठवणार नाहीत. अल्पमताचं म्हणणं असं होतं की कॅमेऱ्याने भिंतीबाहेर पडलेली उष्णता टिपली, भिंतीतून आत डोकावला नाही. बहुमताने हा भेद नाकारला आणि निकालपत्राच्या तळटीपेत सरकारी पैशाने चाललेल्या भिंतीआड पाहणाऱ्या रडारच्या संशोधनाची दखलही घेतली. न्यायाधीशांना पुढचं दिसलं होतं. २००२ मध्ये अमेरिकेच्या संपर्क नियामक आयोगाने रुंदपट्टा लहरींना परवानगी देताना भिंतीआड पाहणारी यंत्रं पोलीस, अग्निशमन आणि बचावकार्यापुरती मर्यादित ठेवली. तरी २०१५ च्या जानेवारीत ‘यूएसए टुडे’ने उघड केलं की किमान पन्नास पोलीस यंत्रणा ‘रेंज-आर’ नावाचं हातात धरायचं रडार फारसा गाजावाजा न करता वापरत आहेत. त्याला निमित्त झालं होतं डिसेंबर २०१४ चं एक अपील. कॅन्ससमधल्या विचिटा शहरात अटकेचं वॉरंट असलेल्या एका माणसाच्या घरात शिरण्याआधी अधिकाऱ्यांनी हे रडार वापरलं होतं. इतर पुरावा पुरेसा आहे म्हणून न्यायालयाने झडती ग्राह्य धरली. पण निकाल लिहिणारे नील गॉरसच, जे पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यांनी वॉरंटविना असं साधन वापरण्याने गंभीर घटनात्मक प्रश्न उभे राहतात, असा इशारा देऊन ठेवला.

‘रेंज-आर’च्या पडद्यावर चित्र नसतंच. आत हालचाल आहे की नाही आणि किती अंतरावर, एवढंच ते सांगतं. म्हणून असा आक्षेप घेतला जातो की एका आकड्याने कुणाचा खाजगीपणा भंगतो? कपडे दिसत नाहीत, चेहरा दिसत नाही. हा आक्षेप वरवर रास्त वाटतो, पण तो दोन्हीकडून ढासळतो. घरात कोण आहे, किती जण, कुठल्या खोलीत, रात्री किती वाजता, हे कळणं हीच घराची सर्वांत खाजगी माहिती. चोर आधी तेवढंच शोधत असतो. आणि आकडा इतका तोकडा असेल की त्याने खाजगीपणा भंगत नाही, तर तेवढ्या तोकड्या आकड्यावरून सशस्त्र पथकाने दार फोडावं का, हाही प्रश्न उरतो. यंत्र काहीच सांगत नाही आणि सगळंच सांगतं, या दोन्ही बाजू एकाच तोंडाने मांडता येणार नाहीत.

आपल्याकडे या यंत्रांची चर्चा मुंबईवरच्या हल्ल्याने सुरू झाली, आणि ते स्वाभाविक होतं. २६ नोव्हेंबर २००८ नंतरच्या त्या तीन दिवसांत ताज, ट्रायडंट-ओबेरॉय आणि कुलाब्यातलं नरिमन हाउस इथे कमांडोंना खोलीमागून खोली आंधळेपणाने घ्यावी लागली. दारापलीकडे ओलीस आहे की अतिरेकी, हे कळायला मार्ग नव्हता. पुढे संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेच्या बंगळुरूमधल्या एलआरडीई या प्रयोगशाळेने ‘दिव्यचक्षु’ नावाचं भिंतीआड पाहणारं रडार विकसित करायला घेतलं. नाव ऐटबाज आहे. काश्मीरमध्ये घरांच्या खोट्या भिंतींआड आणि पोटमाळ्यांत लपणाऱ्या अतिरेक्यांना हुडकण्यासाठी लष्कर परदेशी बनावटीची अशी रडारं वापरत असल्याच्या बातम्या २०१७ मध्ये आल्या. ओलीस अडकलेले असताना वॉरंटची वाट पाहावी, असं कुणी म्हणणार नाही आणि मीही म्हणत नाही. जीव वाचवण्याच्या घाईत यंत्र आधी वापरावं लागतं. पण घाईमुळे आधीची परवानगी सुटते, नंतरचा हिशेब सुटत नाही. किंबहुना अशा प्रसंगी रडार ओलीस आणि अतिरेकी यांत फरक करू शकत नाही, त्याला दोघेही श्वास घेणारे ठिपकेच. म्हणून त्या नोंदीचं काय वाचन झालं, कुणी केलं आणि प्रत्यक्षात आत काय निघालं, याची टिपणं नंतर जुळवून पाहिली नाहीत, तर पुढच्या पथकाला मागच्याच्या चुकांतून शिकायला काहीच मिळणार नाही. हा सल्ला पोलिसांच्या विरोधात नाही. त्यांचाच जीव त्यावर अवलंबून आहे.

कायद्याची चौकट आपल्याकडे अर्धी तयार आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात हस्तक्षेप करायचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, योग्य हेतू हवा आणि हस्तक्षेप गरजेच्या प्रमाणात हवा, अशी कसोटी त्यातून मिळाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडतीचे जुने नियम कायम आहेत: त्या भागातले दोन किंवा अधिक निःपक्ष पंच, जप्त वस्तूंची यादी, पंचांच्या सह्या. त्यात झडतीचं ध्वनिचित्रमुद्रण करण्याची नवी सक्तीही आली. पण हे सारे नियम पोलीस आत शिरण्याभोवती गुंफलेले आहेत. बाहेर रस्त्यावर उभं राहून भिंतीतून लहर सोडणाऱ्याला ना पंच लागतो, ना यादी. भिंतीआड पाहणाऱ्या रडारने जो प्रश्न उभा केला आहे त्याचं उत्तर पंचनाम्यात आधीपासून आहे: जे पाहिलं ते दुसऱ्या कुणालातरी पाहता यावं, आणि लिहून ठेवलेलं असावं.

म्हणून गृह खातं, अग्निशमन दल किंवा महापालिकेचं आपत्ती व्यवस्थापन अशी यंत्रं विकत घेईल, तेव्हा निविदेतच तीन अटी घालाव्यात. पडद्यावरच्या चित्राबरोबर लहरींची मूळ, प्रक्रिया न केलेली नोंद जपून ठेवणारंच यंत्र घ्यावं, आणि ती नोंद विक्रेत्याखेरीज इतर तज्ज्ञांना वाचता यावी. इथल्या विटेच्या, आरसीसीच्या आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतींवर, पंखा चालू ठेवून, यंत्राची चाचणी घ्यावी. खरे-खोटे इशारे किती निघाले ते प्रसिद्ध करावं. आणि घरावर रडार रोखलं गेलं की त्याची नोंद त्या दिवशीच्या पंचनाम्यात यावी; वाचक वकील, नगरसेवक किंवा आमदार असतील, तर ही तिसरी अट त्यांनी विधिमंडळात मागावी.